अनुभव धागा : तुमचा गोल्डफिश आजारी पडला तेव्हा तुम्ही काय केलंत?

पणजी (धागा माझाच)

गेल्या आठवड्यात लेकीचा गोल्डफिश तळाशी जाऊन बसला. पर अंगाला चिकटलेले, कल्ल्यांची धाप लागल्यासारखी उघडझाप, समोर दाणा टाकला तरी ढुंकून बघेना. वाढदिवसाला कुणीतरी दिलेला, अर्थातच गोल काचेच्या भांड्यासकट. तिघांना विचारलं. एक म्हणाला निळं औषध घाल, दुसरी म्हणाली मीठ घाल, तिसऱ्याने सांगितलं, "दुसरा आण गो, केवढ्याचा तो!" हे तिसरं लेकीने ऐकलं, म्हणून हा धागा. मासा सध्या टबात आहे आणि जिवंत आहे, त्याचं पुढे लिहीन. आधी तुम्ही लिहा. नाव नको, गाव पुरे. ज्यांचा वाचला नाही त्यांनीही लिहा.

फोंडा

माझा दोष म्हणजे मी फार स्वच्छ. दर रविवारी टाकी रिकामी करायची, खडे नळाखाली घासायचे, फिल्टरचा स्पंज पांढरा होईस्तोवर पिळायचा. सोमवारी मासे मलूल, गुरुवारपर्यंत जरा बरे, पुन्हा रविवार. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तू त्यांना दर आठवड्याला बिऱ्हाड बदलायला लावतेस." त्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण बोलल्या ते खरं होतं.

माशाच्या अंगातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू नव्याने जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि मी ते दर रविवारी धुऊन टाकत होते. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा खळबळते. आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं नळाचं पाणी येतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपल्यासाठी हवाच, पण तो माशाचे कल्ले भाजतो आणि ते जिवाणूही मारतो. म्हणून पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवते किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घालते.

पणजीच्या ताई, अमोनिया मोजायचा किट आणा. औषधाच्या बाटलीआधी तो.

डिचोली

आमच्याकडे नळ आहे, पण टाकीला पाणी बांयचं, म्हणजे विहिरीचं. क्लोरीन नाही म्हणून मी खुशीत होतो. तरी चार महिन्यांनी दोन्ही मासे सुस्त, अंगावर दुधाळ साय. अमोनिया तपासला, ठीक वाटला. पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट) तपासला तर रंग पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला, ६ च्या आसपास. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि आंबटसर असतं, त्यात चुना जवळजवळ नसतोच. टाकी जुनी होत जाते तसा पीएच आणखी घसरतो आणि जिवाणूही काम टाकतात. गोल्डफिशला ७ ते ८ मानवतो.

उपाय घरातच होता. तिसऱ्यांच्या शिंपल्या! सुक्याला आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळल्या, मांस खरवडलं, आठ दिवस उन्हात वाळवल्या आणि मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवल्या. (बायकोचं म्हणणं, मासे पाळायला मासे खावे लागतात हे तिला आधीच माहीत होतं.) दोन-तीन आठवड्यांत पीएच ७.२ वर येऊन थांबला.

एक सावधगिरी. आंबट पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम चढवला की तोच विषारी होतो. माझा आकडा नुसता 'ठीक वाटला' होता, शून्य नव्हता. त्यामुळे आधी तीन दिवस थोडंथोडं पाणी बदललं, शिंपल्या त्यानंतर. खायचा सोडा घालून एका रात्रीत पीएच उडवण्याच्या भानगडीत पडू नका.

म्हापसा

आजोबा सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव घेतात. अर्धा त्यांचा, कुस्करलेला चतकोर माशाचा. आमचा ओरांडा, म्हणजे अंगाने आखूड, गोलमटोल, आतडी दाटीवाटीने बसलेली. एक दिवस पोट वर करून तरंगायला लागला. मेला समजून आजोबांनी डोळे पुसले, तेवढ्यात त्याने पर हलवला.

गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. पाव आत फुगतो. तीन दिवस कडक एकादशी घडवली. चौथ्या दिवशी वाटाणा उकडून, साल काढून, मटकीएवढे तुकडे दिले. पाचव्या दिवशी टाकीभर हिरवट दोरा आणि मासा सरळ! आता दाणे आधी भिजवून देतो, तेही दोन मिनिटांत संपतील एवढेच. आजोबांना पावाऐवजी वाटाण्याचं खातं दिलंय. कुरकुर चालू आहे.

चवथीला गावी जाताना शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका, हेही सांगून ठेवतो. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर उपाशी आरामात राहतो. शेजारच्या पोराच्या प्रेमाने मात्र राहत नाही.

मडगाव

पांढरे ठिपके, रव्यासारखे. नवा मासा थेट जुन्यांत सोडला होता, दुसरं काय. औषध घातलं, चौथ्या दिवशी ठिपके गेले, आम्ही औषध बंद केलं. आठवड्याने दुप्पट. अंगावर चिकटलेल्या परजीवीला औषध लागतच नाही. तो अंगावरून गळतो, तळाशी वाढून फुटतो आणि पिल्लं पोहत सुटतात तेव्हाच मरतो. आपल्याकडच्या उबदार पाण्यात हे चक्र चार-सहा दिवसांत फिरतं, म्हणून ठिपके गेल्यावरही औषध आठवडाभर चालू ठेवायचं. आणि निळं औषध वेगळ्या टबातच. त्याने फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि टाकीच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. आमचं आहे.

पेडणे

मिठाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आम्ही मिठागरातलं जाडं मीठ वापरतो. लिटरला १ ग्रॅम, वजन करून. चमच्याने अंदाज नको. वेगळ्या तांब्यात विरघळवून हळूहळू ओतायचं. गरज पडली तर बारा-बारा तासांनी वाढवत ३ ग्रॅमपर्यंत. नायट्राइट वाढलं असेल तर मिठातला क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, हा खरा फायदा. पण मीठ उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून वरून साधं पाणी घालताना पुन्हा मीठ टाकलंत तर खारवण होईल. पाण्यातल्या वनस्पतीही जातात.

वाळपई

जूनमधला पहिला वादळी पाऊस. रात्री अकराला वीज गेली ती गेलीच. दोनच्या सुमारास चारही मासे वर येऊन तोंडं वासत होते. मी आणि भाऊ आळीपाळीने तांब्याने टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत बसलो, दर दहा मिनिटांनी. पहाटे भावाने विचारलं, "हे आपण कोणाला सांगणार आहोत का?" सांगतोय.

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. म्हणून मे महिन्यातही हेच होतं. तेव्हा आम्ही झाकण काढून टेबलफॅन पाण्यावर सोडतो. बर्फ थेट टाकत नाही. आता बॅटरीवरचा एअरपंप घेतलाय. वीज खूप वेळाने आली आणि तुमचा फिल्टर बंद डब्याचा असेल, तर तो तसाच सुरू करू नका. आत सडलेलं पाणी आधी ओतून द्या.

काणकोण

आमचा नाही वाचला. अंग फुगलं, खवले अननसासारखे उभे राहिले. मीठ, स्वच्छ पाणी, सगळं केलं. खवले उभे राहतात तोवर आत मूत्रपिंड गेलेलं असतं बहुतेक वेळा. आठ वर्षांचा होता. पोरसात जास्वंदीखाली पुरला.

पणजी

किट आणला. अमोनियाचा रंग गडद हिरवा. भांडं चार लिटरचं, दुसरं काय होणार. ४० लिटरचा टब, एअरस्टोन, लिटरला १ ग्रॅम मीठ आणि रोज १२ लिटर मुरवलेलं पाणी बदललं. काढलेल्या पाण्याच्या हिशेबानेच नवं मीठ. औषध एक थेंब नाही. तिसऱ्या दिवशी पर उघडले. पाचव्या दिवशी शेपटीच्या कडेला काळे डाग दिसले आणि मी पुन्हा हादरले. फोंड्याच्या ताईंनी फोनवर समजावलं, अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना काळी पडते, थांबा. थांबले. डाग फिके होतायत. काल त्याने लेकीच्या बोटाला तोंड लावून दाणा मागितला.

टब कायमचा पुरणार नाही. ८०-१०० लिटरची जुनी टाकी कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर सांगा. म्हापसा ते मडगाव, कुठेही येऊन घेऊन जाईन. गळत असली तरी चालेल, सिलिकॉन मी लावते. निळं असलं तरी चालेल.