‘खेदिव इस्माईल’वरील परिचारिकांना सैन्यवाहू जहाजातून पाठवणे योग्य होते का?

धागाकर्ती: मोंबासाहून कोलंबोला निघालेले ‘खेदिव इस्माईल’ हे ब्रिटिश सैन्यवाहू जहाज १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ ‘आय-२७’ या जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी अवघ्या दोन-तीन मिनिटांत बुडाले. एकूण १,२९७ जण गेले. जहाजावरच्या ८३ स्त्रियांपैकी फक्त सहा वाचल्या; त्यांत परिचारिका होत्या, तशाच नौदलाच्या महिला दलातील मुलीही होत्या. ज्या जहाजात तोफखान्याची पलटण बसली आहे ते शत्रूचे रीतसर लक्ष्य ठरते, हे सेनाधिकाऱ्यांना पक्के ठाऊक असताना परिचारिकांना त्यातून का पाठवले? रेडक्रॉसचे चिन्ह असलेले इस्पितळ-जहाज त्यासाठीच तर असते.

कोकणी दर्यावर्दी: ते चिन्ह पाणतीर अडवत नाही. मे १९४३ मध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ दिव्यांनी उजळलेले ‘सेंटॉर’ हे ऑस्ट्रेलियन इस्पितळ-जहाज जपानी पाणबुडीने बुडवले आणि त्यावरील बारा परिचारिकांपैकी एलेन सॅव्हेज ही एकटीच वाचली. शिवाय या स्त्रिया लष्करी सेवेत होत्या. जिथे जवान जाणार, तिथे जाणे हे त्यांचे कामच होते.

धागाकर्ती: ‘सेंटॉर’चा हल्ला हा युद्धनियमांचा भंग होता, म्हणून त्याचा दोष हल्लेखोराकडे जातो. ‘खेदिव इस्माईल’च्या बाबतीत निम्मा दोष तरी प्रवासाची आखणी करणाऱ्यांकडे येतो, आणि हा फरक मला लहान वाटत नाही.

जुना वाचक: दोष शोधायचाच तर तो संरक्षणात शोधा. हल्ल्याच्या वेळी पाच सैन्यवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर एक क्रूझर आणि ‘पॅलाडिन’ व ‘पेटार्ड’ या दोनच विनाशिका होत्या. पुढे पाणबुडी बुडत्या माणसांच्या खाली दडल्यामुळे, आपलीच माणसे पाण्यात हातपाय मारत असताना, तिथे डेप्थ चार्ज (पाणबुडीविरोधी, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकावे लागले. तो निर्णय मला क्रूर वाटतो, तरीही मोकळ्या सुटलेल्या पाणबुडीने उरलेली चार जहाजे गाठली असती, तर कोणी कोणाला जाब विचारला असता?

कोकणी दर्यावर्दी: सहमत. आणखी एक खटकते. त्या दिवशी गेलेल्यांत पूर्व आफ्रिकेचे शेकडो तोफची होते. त्यांना त्या जहाजावर का चढवले, असा धागा मात्र कोणी काढत नाही.