पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवल्यावर बॅटरी कोणती घ्यावी?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांच्या वेळची महिंद्राची पेट्रोल जीप आहे. तिचे मूळचे 2199 सीसीचे हरिकेन इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेल्यामुळे यंदा पावसाळ्यात तिच्यात एमएम 540 मध्ये येत असे ते एक्सडीपी 4.90, म्हणजे 2112 सीसीचे डिझेल इंजिन बसवून घेतले. आरटीओची परवानगी आधीच घेतली होती आणि इंधनबदलाची नोंद आरसीवर झालेली आहे. सेल्फ आणि अल्टरनेटर डिझेल इंजिनाबरोबरच आले, पण बॅटरी मात्र जुनी 45 अँपिअर-तासांची ठेवली, कारण इंजिनाचा आकार जवळजवळ तेवढाच असल्याने तीच पुरेल असे दुकानदाराने सांगितले होते.

दिवाळीपर्यंत गाडी बरी चालली. आता आमच्याकडे पहाटेचे तापमान 6-7 अंशांवर आले आहे आणि हीटर प्लग तापवून सेल्फ मारला, तर इंजिन कण्हत दोन फेरे घेते आणि थांबते. दुपारी तीच गाडी जरा रेंगाळत का होईना, पण सुरू होते. बॅटरी वर्षभरापूर्वीचीच आहे. 70 ची घ्यावी की एकदम 100 ची? मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो असेही एका मेकॅनिकने सांगितले, त्यामुळे निर्णय होत नाही.

घाटवाट

माझ्या अनुभवाप्रमाणे सरळ 100 ची बॅटरी घ्यावी. डिझेल गाडीला बॅटरी कधी जास्त होत नाही. फक्त एन 100 ची लांबी 40 सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्याने जुन्या ट्रेमध्ये ती बसणार नाही, ट्रे नवा करून घ्यावा लागेल.

तारजोड

मी गेली बावीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीसी सारखे म्हणजे बॅटरी सारखी, ही समजूत चुकीची आहे. आपल्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन सुमारे सातास एक होते, या डिझेल इंजिनाचे वीसास एकच्याही वर आहे. तेवढी हवा दाबून इंजिन फिरवायचे म्हणजे सेल्फला काही क्षण 300 अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक करंट लागतो, आणि त्याआधी चार हीटर प्लग प्रत्येकी 10 ते 15 अँपिअर ओढून गेलेले असतात. थंडीत ऑइल घट्ट होते म्हणून सेल्फची मागणी वाढते आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची देण्याची ताकद घटते, त्यामुळे दुपारी जमते ते पहाटे जमत नाही.

बॅटरी निवडताना अँपिअर-तासांपेक्षा सीसीए हा आकडा आधी पाहावा. उणे 18 अंश सेल्सिअसला बॅटरी 30 सेकंद किती करंट देऊ शकते, ते हा आकडा सांगतो. 300 अँपिअर पाच सेकंद ओढले तरी खर्च अर्ध्या अँपिअर-तासापेक्षा कमी होतो. अडचण साठ्याची नसून तो एका दमात बाहेर काढण्याची असते. आपल्या इंजिनाला 65 ते 75 अँपिअर-तासांची आणि 500 च्या आसपास सीसीए असलेली डी31 मापाची बॅटरी योग्य ठरेल. डी31 मधला 31 हा आकडा लांबीचा, सेंटिमीटरमध्ये असतो. त्यापुढचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनलची बाजू सांगते. ते चुकले तर पॉझिटिव्हची केबल पोहोचत नाही आणि लोक ती ताणून बसवतात, तसे करू नये.

मोठ्या बॅटरीने सेल्फ जळत नाही. सेल्फ आपल्याला हवा तेवढाच करंट घेतो. तो जळतो तो बहुधा अशक्त बॅटरीवर पुन्हा पुन्हा, दीर्घकाळ मारल्यामुळे. तरीही 100 ची गरज मला दिसत नाही. तिच्या वजनाने जुना ट्रे खडबडीत रस्त्यावर तडकेल.

मात्र बॅटरी विकत घेण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून सेल्फचा करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्यासाठी इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी वेगळी द्यावी लागते. इंजिन बदलताना ती जुन्या इंजिनाबरोबर निघून जाते आणि नवी लावायचे राहते, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिले आहे. मग करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारत असताना मल्टिमीटरने तीन आकडे घ्यावेत: बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये, सेल्फच्या जाड बोल्टापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, आणि इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. शेवटचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असला पाहिजे.

द्राक्षबाग_निफाड

आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळी मुलाला सेल्फ मारायला बसवून आकडे घेतले. बॅटरीवर 10.4, सेल्फवर 8.1 आणि ब्लॉक ते निगेटिव्ह 1.7 व्होल्ट. अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर ती चटका बसेल इतकी तापलेली होती आणि तिचे प्लास्टिकचे आवरण एका जागी वितळले होते. पट्टी खरोखरच नव्हती. रंग खरवडून, स्वच्छ लोखंडावर तांब्याची विणलेली पट्टी लावली. आता तो फरक 0.2 व्होल्ट येतो आणि इंजिन पूर्वीपेक्षा जोरात फिरते, परंतु बॅटरीवरचा आकडा 10.4 वरून 9.1 पर्यंत उतरला. पट्टी लावून बॅटरी आणखी बिघडली का?

तारजोड

नाही, बिघडली नाही. पूर्वी वाटेतला अडथळा करंट अडवत होता, म्हणून बॅटरीवर भार कमी पडून आकडा चांगला दिसत होता. आता सेल्फला हवा तेवढा करंट मिळतो आहे आणि 45 ची बॅटरी त्याखाली दबते आहे. पूर्ण चार्ज बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये; म्हणून आता 70 ची घ्यावी.

सेल्फची मूळ केबल 16 चौरस मिलिमीटरची असेल, तर तीही 35 ची करावी. 300 अँपिअरला दोन मीटर लांबीत पहिलीत साधारण 0.65 व्होल्ट जातात, दुसरीत 0.3. अॅक्सिलरेटरची केबल न चुकता बदला, ती आतून अडकू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट येतात का, तेही पाहा. जुन्या डायनॅमोचा वेगळा रेग्युलेटर वायरिंगमध्ये राहिला असेल तर तो काढून टाका.

घाटवाट

माझा 100 चा सल्ला मी मागे घेतो. एक भर घालतो: नवी बॅटरी उंच असेल, तर पॉझिटिव्ह टर्मिनलवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच लावून उघडावे. गोळा किती चेपला त्यावरून जागा किती उरली ते कळते. अंगठ्याएवढी तरी उरली पाहिजे, आणि टर्मिनलवर रबरी टोपी हवीच.

द्राक्षबाग_निफाड

70 ची डी31, एल बाजूची बॅटरी काल बसवली, केबलही 35 ची केली. कणकेचा गोळा दीड सेंटिमीटर उरला, म्हणून ट्रे थोडा खाली घेऊन पुन्हा वेल्ड करून घेतला. आज पहाटे 6 अंशांना दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागले. सेल्फ मारताना बॅटरीवर 10.3 व्होल्ट होते.