पोको नावाचा बँड कुणी ऐकलाय का?

खिडकीतला
महिनाभर ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं वेड लागलंय. त्यांच्याबद्दल वाचताना एक गंमत दिसली. त्यांचा पहिला बासवाला (बास गिटार वाजवणारा) रँडी माइझनर हा आधी पोको नावाच्या बँडमध्ये होता. 1977 मध्ये तो ईगल्समधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी टिमथी श्मिट आला, तर तोही पोकोतूनच! हा बँड होता की बासवाल्यांचा क्लास? 'क्रेझी लव्ह' हे त्यांचं एकच गाणं ऐकलंय. गोड आहे, पण तेवढ्यावरून काही अंदाज येत नाही. कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी
क्लासच म्हणा. 1968 मध्ये पोको जमत होता तेव्हा श्मिटही चाचणी द्यायला गेला होता. त्याला सोडून माइझनरला घेतलं. माइझनर गेल्यावर मग श्मिटला बोलावलं. पुढे ईगल्समध्येही तेच. बिचाऱ्याने त्याच माणसाची जागा दोनदा भरली.

तारवाला मिरज
मी या बँडमध्ये मागच्या दाराने शिरलो, त्यामुळे माझं सांगणं थोडं एकांगी असेल. दिवसा बँकेत आणि लग्नसराईत रात्री ऑर्केस्ट्रात, अशी बावीस वर्षं मी हवाइयन गिटार वाजवली. भाचा डेन्व्हरला असतो. तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून त्याने पोकोची एक रेकॉर्ड आणली आणि म्हणाला, "मामा, यात तुझं वाद्य आहे." माझं नव्हतं ते, पेडल स्टील होतं. पण चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही.

वाजवणारा रस्टी यंग, कोलोरॅडोत वाढलेला. बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड मोडत आला होता, तेव्हा त्यांच्या शेवटच्या रेकॉर्डवरच्या एका गाण्यात स्टील वाजवायला त्याला लॉस एंजेलिसला बोलावलं. एका गाण्यापुरतं! त्या बँडचे रिची फ्यूरे आणि जिम मेसिना नवीन जुळवाजुळव करत होते, त्यांनी याला ठेवूनच घेतला. ड्रमवर जॉर्ज ग्रँथम, बासवर माइझनर. रॉकचा ठेका, पण गळा आणि तारा खेड्यातल्या, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. पुढे त्याला कंट्री रॉक म्हणू लागले.

आता वाद्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या गिटारीवर लोखंडी दांडी सरकवली की सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल स्टील म्हणजे चार पायांचं टेबलच. पायाखाली पेडल, गुडघ्याशी लिव्हर. पेडल दाबलं की एक तार चढते आणि शेजारची जागची हलत नाही. म्हणजे एका सुरावर मींड चाललीय आणि बाकीचे सूर खांबासारखे उभे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुई उचलून तेवढाच तुकडा पाचसहा वेळा लावला. त्यात हा रस्टी ते वाद्य लेस्लीमधून, म्हणजे ऑर्गनला लावतात त्या फिरत्या स्पीकरमधून वाजवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, ऑर्गनवाला कुठे बसलाय? आमच्याकडे ऑर्गनवाला दांडी मारायचा तेव्हा त्याचे तुकडे मलाच भरावे लागायचे. ही युक्ती तेव्हा कळली असती तर!

खिडकीतला
काका, भारीच! पण माइझनर का गेला?

तारवाला मिरज
पहिली रेकॉर्ड 1969 ची. मिक्सिंगला त्याला बसू दिलं नाही. तो चिडला आणि रेकॉर्ड बाजारात यायच्या आत बाहेर पडला. कव्हरवर सगळ्यांचं चित्र होतं, त्यातला माइझनर पुसून त्या जागी कुत्रा काढला. खोटं वाटेल, कव्हर शोधून बघा. नावाचंही तसंच. आधी नाव होतं पोगो. त्या नावाच्या चित्रमालिकेचा चित्रकार वॉल्ट केली याने हरकत घेतली, म्हणून एक अक्षर बदलून पोको.

मग गळतीच लागली. मेसिना गेला, त्याच्या जागी पॉल कॉटन आला. 1972 मध्ये फ्यूरेने 'अ गुड फीलिन टू नो' या गाण्यावर सगळी आशा ठेवली होती. ते चाललं नाही. त्याच वर्षी ईगल्सची पहिली रेकॉर्ड आली आणि रेडिओवर त्यांचीच गाणी. ज्या गल्लीला रस्ता करण्यात तुमचा हात, तिथून दुसऱ्याची वरात जाताना बघायची. 1973 मध्ये फ्यूरे गेला. (पुढे तो कोलोरॅडोत पाद्री झाला.) 1977 मध्ये श्मिट गेला.

उरले रस्टी आणि कॉटन. त्यांनी दोन इंग्लिश वादक घेऊन वेगळ्या नावाने रेकॉर्ड केली, पण कंपनीने सांगितलं, पोको हेच नाव ठेवा. ती 1978 ची 'लेजंड'. कव्हरवरचा घोडा फिल हार्टमनने काढलाय, तोच जो पुढे टीव्हीवरचा विनोदी नट म्हणून गाजला. त्यात तुमचं 'क्रेझी लव्ह'. लिहिणारा आणि गाणारा रस्टी, ज्याचा आवाज सुरुवातीच्या वर्षांत पुढे येतच नाही. त्यातलं 'ऊऽ ऊऽ' म्हणे शब्द सुचेपर्यंत जागा धरायला घातलं होतं, बाकीचे म्हणाले, असंच राहू दे. 1979 मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 17 व्या क्रमांकापर्यंत गेलं. बँडचं सगळ्यात मोठं गाणं, आणि स्थापनेच्या वेळचा माणूस त्यात एकच.

न्यू जर्सीची माई
मला हे पटत नाही. फ्यूरे हा त्या बँडचा प्राण होता. तो गेल्यावर उरला तो चांगला बँड, पण पोको नव्हे. 'क्रेझी लव्ह' हे डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये लावायचं गाणं आहे. माझ्या डॉक्टरकडे खरोखरच लागतं.

तारवाला मिरज
माई, वेटिंग रूमचं मान्य. प्राणाचंही अर्धं मान्य. पण आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक गेले, गायक दुसरीकडे गेले आणि टेम्पोवरचं नाव ढोलकवाल्याकडे राहिलं. सुपाऱ्या तोच घ्यायचा, माइकच्या वायरी तोच गुंडाळायचा. लोक विचारायचे, "ते जुनेच का तुम्ही?" तो हो म्हणायचा आणि मला कधी खोटं वाटलं नाही. रस्टीचं तसंच आहे. 1989 मध्ये मूळचे पाचही जण 'लेगसी' या रेकॉर्डसाठी एकत्र आले. कुत्र्याच्या जागेवरचा माइझनरसुद्धा! ते पुन्हा पांगले, हा वाजवत राहिला. 2021 च्या एप्रिलमध्ये रस्टी गेला आणि त्याच उन्हाळ्यात कॉटन.

खिडकीतले, सुरुवात 1971 च्या 'डिलिव्हरिन'पासून करा. प्रेक्षकांसमोर वाजवलेलं आहे, दम कळतो. मग 1973 ची 'क्रेझी आइज'. तिचं नावाचंच गाणं नऊ मिनिटांच्या वर आहे, ग्रॅम पार्सन्स या कंट्री रॉकवाल्या गायकावर लिहिलेलं, आणि रेकॉर्ड आली त्याच महिन्यात पार्सन्स वारला. ते माईंच्या फ्यूरेचं गाणं आहे, वाद नाही. 'लेजंड' शेवटी ऐका. आणि हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर स्टील मच्छरासारखं ऐकू येतं.

खिडकीतला
'डिलिव्हरिन' लावलंय. माई, सध्या तरी मी तुमच्या बाजूला. काका, दुसऱ्यांदा ऐकताना ऑर्गन शोधत बसलो होतो. आणि पहिल्या रेकॉर्डचं कव्हर मोठं करून बघितलं, कुत्रा सापडला.