एफएमजीईसाठी सेकंडहँड पुस्तकांचा अख्खा खोका घ्यावा का?

ऐरोली_सेक्टर८
जॉर्जियात मेडिकल संपवून परत आले आहे, डिसेंबरच्या एफएमजीईला (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी परीक्षा) बसणार. कळव्याची एक सीनियर तिचा सगळा संच विकतेय. त्यात हॅरिसनचे (मेडिसिन) दोन्ही खंड, बेली अँड लव्ह (सर्जरी), चौरासियाचे (शरीररचना) सगळे खंड, पार्क (पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य), फॉरेन्सिक (न्यायवैद्यक), ईएनटी (कान-नाक-घसा), डोळे असं बरंच काही आहे. शिवाय एका क्लासच्या नोट्सच्या स्पायरल केलेल्या झेरॉक्स, एकोणीसच्या एकोणीस विषयांच्या. पुस्तकं बहुतेक २०१८-१९ची. सगळ्याचे मिळून साडेसहा हजार आणि उचलून आपणच न्यायचं. बाबा म्हणतात, एवढ्यात नवी दोन-तीनच येतील, डोळे झाकून घे. आई म्हणते, ठेवणार कुठे? (वन बीएचके, त्यात आजी.) प्रश्नांचं अ‍ॅप घेतलंय, वर्षभराचे पैसे भरलेत. पण पुस्तक हातात नसलं की मला अभ्यास केल्यासारखं वाटतच नाही. घेऊ का?

खारेगावकर
बिनधास्त घ्या. माणसाचं शरीर २०१९ला होतं तेच आजही आहे. आमची मुलगीही बाहेरच शिकली, तिनं सगळं सेकंडहँडवर निभावलं. आता ती प्लॅबच्या, म्हणजे ब्रिटनच्या डॉक्टरी परीक्षेच्या मागे आहे. तिचीही पुस्तकं माळ्यावर पडून आहेत, हवी तर तीही घेऊन जा. तुम्हाला ऐरोलीहून खारेगाव काही लांब नाही.

कोपरीकरीण
काका, शरीर तेच आहे, कायदा तो राहिलेला नाही.

मी रशियात शिकले. एफएमजीई पास होऊन आता ठाणे पूर्वेला एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. आत्ता वॉर्ड शांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऐरोली, तो खोका विषयांप्रमाणे फोड. ती सुटी पुस्तकं देत नसेल तर सरळ सोडून दे.

आधी फॉरेन्सिक. १० मार्क. १ जुलै २०२४पासून आयपीसी, सीआरपीसी आणि जुना पुरावा कायदा गेले, त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. हलगर्जीपणाने मृत्यूचं ३०४अ, जे आपण डॉक्टर लोक झोपेतही विसरत नाही, ते १०६ झालं. पोलीस इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) सीआरपीसीच्या १७४मध्ये होता, आता सुरक्षा संहितेच्या १९४मध्ये आहे. नुसते आकडे बदलले असते तर पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहून भागलं असतं. पण आतला मजकूरही बदलला आहे. जबर दुखापत ठरायला आधी २० दिवस वेदना किंवा नेहमीची कामं न करता येणं लागायचं, आता १५ दिवस. तू २०१८चं पुस्तक पाठ करून गेलीस तर वीसवर टिक करून येशील, आणि पर्यायांत वीस असणारच, पेपर काढणारे एवढे साधे नसतात. तेव्हा हे पुस्तक जुलै २०२४नंतर छापलेलं, जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी देणारंच घे.

मग पीएसएम. ३० मार्क, म्हणजे सर्जरीच्या ३२ला जवळपास लागून. आणि बाहेर शिकलेल्या आपल्या सगळ्यांची दांडी इथेच उडते, कारण तिकडे हृदय, फुप्फुस उत्तम शिकवतात पण उपकेंद्र कुणी शिकवत नाही. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००ला. प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. शहापूरच्या पाड्यांकडे बघितलं की हे पटकन डोक्यात बसतं. हे आकडे जुन्या पार्कातही मिळतील. पण त्याच पार्कात टीबीचा कार्यक्रम आरएनटीसीपी नावानं आहे, २०२०मध्ये तो एनटीईपी झाला. पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा अंशतः (कमी मात्रेचा) डोस नवव्या महिन्यात, हा २०२३पासूनचा. तुझ्या त्या आवृत्तीत सहा आणि चौदा आठवड्यांवरच यादी थांबते. गर्भपाताचा कायदा २०२१मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. हा प्रश्न गायनॅकमध्ये येऊ शकतो, फॉरेन्सिकमध्ये येऊ शकतो, पीएसएममध्येही. म्हणून पार्क नवं कोरं घे. महाग आहे, घे. साडेसहा हजारांतला मोठा वाटा इथे गेला तरी चालेल.

झेरॉक्स नोट्स फुकट दिल्या तरी आणू नकोस. पेपरात चित्रांवरचे प्रश्न येतात: स्लाइड, त्वचेवरचं पुरळ, डोळ्याचा पडदा, एक्स-रे. गुलाबी-जांभळी स्लाइड काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते. त्यात या नोट्सवर साल नसतं. कुठल्या वर्षीच्या बॅचच्या आहेत हे विकणारीलाही माहीत नसेल.

आता जुनं काय चालेल ते. ईएनटी आणि डोळे. १५ आणि १५. त्या खोक्यातली हीच दोन पुस्तकं मी सगळ्यात आधी उचलेन. हॅरिसनच्या शेजारी ठेवली तर बारीक दिसतात, पण दोन्ही मिळून ३० मार्क. लोक सर्जरीवर महिने घालवतात आणि कान शेवटच्या आठवड्यात उघडतात, हे गणित मला कधी कळलं नाही. अ‍ॅनाटॉमीला २०१८चं काय, त्याहून जुनंही चालेल, पण चौरासियाचे सगळे खंड १७ मार्कांसाठी वाचणार आहेस का? खरं सांग.

ऐरोली_सेक्टर८
ताई, एवढं लिहिलंत, खूप आभार. चौरासिया नाही वाचणार, खरं सांगितलं. पण हॅरिसन नसेल तर मेडिसिन कशातून करू? ३३ मार्क आहेत ना? वर्गातले सगळे म्हणतात हॅरिसनशिवाय डॉक्टर होत नाही.

कोपरीकरीण
डॉक्टर व्हायला लागेल, हो. ही परीक्षा पास व्हायला नाही. ३००पैकी १५० हवेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न असे दोन भाग. प्रश्नाला एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात हॅरिसनचा परिच्छेद आठवत नाही, एक ओळ आठवते. पैसे भरलेल्या अ‍ॅपवरचे प्रश्न सोडव, चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण वाच, तरी डोक्यात शिरलं नाही तर तेवढंच पान हॅरिसनमध्ये उघड. त्यासाठी विकत कशाला हवं? बॅचमधल्या कुणाकडे तरी असतंच. तू पानाचा फोटो मागव. मेडिसिनच्या नोट्स तुझ्या अक्षरात, एकाच वहीत असू देत. तीच तुझं पुस्तक, हातात धरायला काहीतरी हवंय म्हणतेस ना.

बेली अँड लव्हचंही तेच.

गायनॅक ३०, मुलांचं १५. ही दोन्ही सीनियरकडची घेतलीस तर लसीकरण आणि गर्भपात कायद्याची पानं स्टेपल करून टाक आणि तेवढं नव्या पार्कातून कर. ऑर्थो, स्किन, सायकियाट्री, अ‍ॅनेस्थेशिया, रेडिओलॉजीचे दोन भाग हे सगळे पाच-पाच मार्कांचे. पुस्तक एकही नको, अ‍ॅप पुरे.

खारेगावकर
मॅडम, तुमचं फॉरेन्सिकचं पटलं. पण मुलगी म्हणते प्लॅबला हीच पुस्तकं चालतील, हॅरिसन ते हॅरिसनच.

कोपरीकरीण
काका, तिला विचारा, पंचावन्नच्या आतल्या गोऱ्या माणसाला फक्त ब्लडप्रेशर असेल, बाकी काही नसेल, तर पहिली गोळी कुठली. नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इंग्लंडच्या संस्थेप्रमाणे एसीई इनहिबिटर, आणि पंचावन्न किंवा त्याहून वर, किंवा आफ्रिकी-कॅरिबियन कुळातला असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर. प्लॅब वन १८० प्रश्नांचा, तीन तासांचा, आणि तो तिकडच्या पद्धतीनं विचार करायला लावतो. तिथे पार्क पूर्ण निरुपयोगी. हॅरिसनमधलं शास्त्र चुकीचं नाही, पण तिकडचा नियम त्यात शोधत बसायला लागेल. दोन देशांच्या परीक्षा एका खोक्यात बसवू नका.

पामबीचवाला
यूएसएमएलईवाल्यांसाठी (अमेरिकेची डॉक्टरी परीक्षा) एक भर. तिचा पहिला टप्पा, स्टेप वन, २६ जानेवारी २०२२पासून नुसतं पास-फेल आहे. तेव्हा ‘अमुक पुस्तकानं २६० मार्कांच्या वर गेलो’ छापाचे जुने अनुभव वाचून कुणी पुस्तकं घेऊ नका, तो आकडाच आता मिळत नाही. आणि ऐरोली, नवं पार्क घ्यायला परळला केईएमच्या आसपासच्या दुकानांत जा. मेडिकलची पुस्तकं तिथे एका जागी मिळतात, आणि आवृत्ती उघडून बघता येते. ऑनलाइन मागवलं की कधी कधी जुनीच आवृत्ती गळ्यात पडते.

कोपरीकरीण
हो, आणि दुकानात आधी कव्हर बघू नकोस, छपाईच्या पानावरचं साल बघ. मग लसीकरणाचा तक्ता उघड. नऊ महिन्यांच्या ओळीत पोलिओचं इंजेक्शन दिसलं तर पैसे दे.

ऐरोली_सेक्टर८
सीनियरशी बोलले. सुटी द्यायला तयार आहे. ईएनटी, डोळे, गायनॅक आणि मुलांचं, चारांचे बाराशे म्हणतेय. बाबांना हॅरिसन सुटल्याचं वाईट वाटतंय.

कोपरीकरीण
हजारात माग. स्टेपलच्या पिनांचे पैसे वळते कर म्हणावं.

खारेगावकर
आमच्या माळ्यावर पार्क २०१७चं आहे. त्याचं काय करायचं मॅडम?

कोपरीकरीण
रद्दी, काका. पण ईएनटी असेल तर ऐरोलीला फुकट देऊन टाका, म्हणजे तिला तिकडे तीनच घ्यावी लागतील.