नववी मिशन सपोर्ट कमांड
हवाईतल्या होनोलुलूच्या फोर्ट शाफ्टर या लष्करी तळावरची नववी मिशन सपोर्ट कमांड म्हणजे नुसती रसद आणि कागदपत्रं, असं एकाने म्हटलंय. नावावरून तसं वाटतं खरं, पण अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधली (लष्कराच्या राखीव दलातली) एकमेव पायदळ बटालियन म्हणून ओळखली जाणारी ४४२व्या रेजिमेंटची १००वी बटालियन हिच्याच हाताखालची. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांनी इटली-फ्रान्समध्ये लढून जिचं नाव केलं, तीच. पुढे तिच्या कंपन्या, म्हणजे तुकड्या, हवाई, ग्वाम, सायपान आणि अमेरिकन सामोआ या प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या बेटांवर विखुरल्या.

मला सलतं ते वेगळंच. अमेरिकन सामोआत जन्मलेला सैनिक बहुधा अमेरिकेचा 'नॅशनल' असतो, जन्माने नागरिक नाही. ग्वाममध्ये जन्मलेला अमेरिकेचा नागरिक असतो, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. आणि तरीही २००५ मध्ये हीच बटालियन इराकमध्ये तैनात होती.