आंग लीचा मायक्रोवेव्ह
‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’पासून (१९९५) तैवानी दिग्दर्शक आंग लीला शांत, घरगुती नजर सापडली, असं या चर्चेत कोणीतरी म्हटलंय. साफ नामंजूर. १९९१चा ‘पुशिंग हँड्स’ बघा, त्याचा पहिलाच सिनेमा. बीजिंगहून मुलाकडे अमेरिकेत राहायला आलेले ताई-ची या चिनी युद्धकलेचे मास्तर आणि कादंबरी लिहीत बसलेली गोरी सून. एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ संवादच नाही. दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत वावरतात. म्हातारबा फॉइलसकट जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात, आत ठिणग्या उडतात, सून धावत येते.

हे बघताना मी हसलो आणि लगेच गप्प झालो. अण्णा गावाहून आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी कालचं पिठलं स्टीलच्या वाटीतून तसंच आत ठेवलं होतं. बायको हेडफोन लावून मीटिंगमध्ये. तडतड ऐकून ती उठली, बटण बंद केलं, वाटी काढून ओट्यावर ठेवली आणि परत खुर्चीत जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. अण्णांनी पिठलं थंडच खाल्लं, वाटी स्वतः विसळली. आमच्याकडे तर दोघांची भाषाही एकच, मराठी! त्यामुळे सासरा-सुनेतल्या दुराव्याचा सगळा दोष भाषेच्या भिंतीवर ढकलणाऱ्या चर्चेतल्या दुसऱ्या प्रतिसादाशीही मी फारसा सहमत नाही.