प्रार्थनेची शाल : आपले अनुभव लिहा

आपल्याकडे शाल म्हटली की श्रीफळ आणि सत्कार आठवतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मात्र १९९८ साली जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी आजारी, शोकाकुल किंवा एकाकी माणसासाठी प्रार्थना करीत शाल विणण्याचा प्रघात सुरू केला, आणि तो पुढे ठिकठिकाणच्या चर्चमध्ये रुजला. ज्यांनी अशी शाल विणली अथवा पांघरली असेल, त्यांनी अनुभव अवश्य लिहावेत. विणीचे नमुने नंतर कधीतरी पाहू.

हार्टफर्डजवळून

शेजारणीने मला चर्चच्या तळघरात भरणाऱ्या विणकाम-मंडळात नेले, तेव्हा मी ख्रिस्ती नाही हे दारातच सांगून टाकले. त्यावर तिने जाड सुया आणि लोकरीचा गुंडा पुढे करून ‘तुझ्या देवाला सांग’ एवढेच म्हटले. सत्तावन्न टाके घालायचे आणि तीन सुलट, तीन उलट अशी वीण धरायची. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस विषम असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलट टाक्यांनीच सुरू होते व सुलट टाक्यांनीच संपते, त्यामुळे काम उलटल्यावर कोणती बाजू समोर आहे हे पाहण्याची गरज उरत नाही. तीन हा आकडा त्यांच्या लेखी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा. मी मात्र पहिल्या टाक्याला ‘श्रीराम’, दुसऱ्याला ‘जय राम’, तिसऱ्याला ‘जय जय राम’ असे म्हणत गेले आणि ते इतके चपखल बसले की माझे मलाच हसू आले. अर्थात नाम ओठांवर आणि मन सुनेशी झालेल्या वादात, असेही पुष्कळदा घडले. एकदा तशाच तंद्रीत बारा ओळी खाली गळालेला टाका दिसला आणि तेवढे सगळे उसवावे लागले. उसवलेली लोकर कुरळी झाली होती. तीच पुन्हा विणताना वाद आठवला नाही, कारण सगळे लक्ष टाके मोजण्यात होते. शाल कोणाला गेली ते मला आजही ठाऊक नाही, आणि प्रारंभी ते मनाला फार लागले होते, हेही कबूल करते.

न्यू जर्सीहून

मी शाल घेणाऱ्यांपैकी आहे. केमोथेरपी चालू असताना पतीच्या सहकाऱ्याच्या पत्नीने ती पाठवली. मला न विचारता माझ्यासाठी कोणी प्रार्थना केली, हे मला मुळीच रुचले नाही, म्हणून पहिले दोन आठवडे ती पिशवीतच राहिली. परंतु औषध चढवण्याच्या खोलीत थंडी फार असे. हाताला नळी लावलेली असताना स्वेटर चढवता येत नाही. शाल तेवढा हात मोकळा ठेवून खांद्यावर घेता येते. निव्वळ सोयीसाठी ती काढली, हे खरे. चौथ्या खेपेला कडेच्या गोंड्यांतला एक बोटाभोवती गुंडाळत बसल्याचे माझ्या लक्षात आले, आणि त्यानंतर घरून निघताना शाल घेतली का, हे मीच आधी पाहू लागले. मंडळाने पाठवलेले कार्ड मी आजवर पूर्ण वाचलेले नाही.

पुण्याहून

अमेरिकेतील बहिणीकडे हा प्रकार पाहून आल्यावर मीही एका वृद्धाश्रमासाठी शाली विणावयास घेतल्या. पुण्याच्या उन्हाळ्यात लोकर कोण पांघरणार, म्हणून सुती दोरा घेतला. त्याने बोटे लवकर दुखतात आणि शालही जड होते. पहिली शाल मी कौतुकाने ज्या आजींच्या खांद्यावर घातली, त्यांनी दचकून ‘माझा कसला सत्कार?’ असे विचारले. मी ओशाळले. तेव्हापासून आधी जवळ बसते, शाल हातात देते आणि हवी आहे का, असे विचारते. त्या आजींनी ती ठेवून घेतली. मात्र त्या ती पांघरत नाहीत, चौघडी करून उशाला घेतात.